ओठांच्या मागून येणारा आवाज

प्रिय ससुल्या,

पन्नाशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या, स्वतःच्या नावाची पाटी लावून फर्निचरचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला ससुल्या म्हणावं का, असा विचार करत मी मघापासून पेनाचं टोपण चावत बसले आहे. पण मोठ्या बहिणीला तेवढी सूट असते. शिवाय गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असलास तरी कान टवकारून धावत यायचास ते याच नावाला, तेव्हा तेच राहू दे.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील. घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, तुझे भावोजी नको तितके ठणठणीत आहेत, मीही बरी आहे. एकाच शहरात राहून, मध्ये फक्त एक बस बदलायची असताना, ताईने पत्र का लिहावं हे शेवटी सांगते. आत्ता एवढंच सांगते, की विषय टीव्हीच्या आवाजाचा आहे. हस खुशाल.

दुपारची वेळ आहे. आई आतल्या खोलीत पडली आहे. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगतो आणि पुन्हा गजांना चिकटतो. समोर टीव्ही चालू आहे, पण मी त्याचा आवाज बंद करून ठेवला आहे. एक बाई पाण्याच्या काठाने चालते आहे, तिच्याबरोबर एक माणूस आहे, आणि दोघं काहीतरी बोलताहेत. काय ते कोण जाणे. हल्ली मला असं बघत बसायचा नाद लागला आहे. थोड्या वेळाने त्यांच्या ओठांवरून सगळं कळायला लागल्यासारखं वाटतं, आणि मग लक्षात येतं की कळलं काहीच नाही, रिकाम्या जागा आपणच भरल्या. तरी उठवत नाही. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी खोलीत बसल्यासारखं वाटतं. तुझे भावोजी म्हणतात, हिचं डोकं फिरलं. फिरू दे.

तर झालं असं. आमच्या जुन्या टीव्हीने राम म्हटला आणि नवा आला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा पातळ. चित्र इतकं स्वच्छ की माणसाच्या गालावरची लव मोजावी. पण आवाज? एवढ्याशा अंगात छाती कुठून येणार! सगळी माणसं नाकात बोलायला लागली. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, ह्या सगळ्यांना एकदमच सर्दी झाली का?" मग आवाजासाठी वेगळा साउंडबार आणायचं ठरलं. तुला माहीतच असेल ती वस्तू, लांबलचक काळी पट्टी असते. तू केलेल्या कपाटात टीव्हीखालच्या फळीवर ती ठेवली, तर दोन्ही बाजूंनी टीव्हीच्याही बाहेर. नाकापेक्षा मोती जड! भावोजी मात्र नव्या नवरीकडे बघावं तसे तिच्याकडे बघत होते.

दुकानातली बाई हुशार आणि बोलकी होती, चष्मा डोक्यावर चढवून तोच इकडे तिकडे शोधणारी. साउंडबार टीव्हीला जोडायचा कसा यावर ती आमच्याशी इतकं बोलली, की मुलगी द्यायची आहे की वायर, असं मला वाटलं. एचडीएमआयने जोडा, म्हणजे एकाच रिमोटवर काम होतं. नाहीतर ऑप्टिकल आहे, त्यातून आवाज उजेड होऊन जातो. वायरच नको असेल तर ब्लूटूथ. एकट्याला ऐकायचं असेल तर हेडफोनचं साधं भोक. मग तिने विचारलं, "घरात ऐकणारे किती जण, आणि कसे?" भावोजी म्हणाले, "तिघं जण, कानाने." ती हसली आणि म्हणाली, "तसं नव्हे हो. एकाला मोठा आवाज लागतो, दुसऱ्याचं तेवढ्याने डोकं उठतं, असं काही आहे का? माणसं बघून वायर ठरवावी." मी सांगितलं, नाही बाई, आमच्या तिघांचेही कान चांगले आहेत. आईचे तर इतके, की वरच्या मजल्यावर कुणी रुसलं तरी तिला ऐकू जातं. पण घरी येईपर्यंत मला काहीतरी त्या टेबलावर विसरून आल्यासारखं वाटत होतं. पिशवी बघितली, छत्री बघितली, सगळं होतं. मग दार उघडताना कळलं. मी तीन माणसं मोजली होती. रविवारच्या दुपारी आम्ही चौघं असायचो.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसानंतर तू रविवारी आला नाहीस. आधी कारखान्यात काम निघालं, मग पाठ दुखली, मग कारण सांगायचंही थांबलं. फोन केला की तू "हो, हो, बघू" म्हणतोस आणि बायकोच्या हातात देतोस. घरात प्रत्येकाचं आपापलं मत आहे. भावोजींच्या मते तू आता मोठा माणूस झालास, आमच्या सोफ्यावर तुझं मन रमत नाही. आई म्हणते, तो दमतो गं, त्याला कुणी बोलू नका. आणि दर रविवारी सिनेमा लागायच्या आधी ती खिडकीजवळच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून ठेवते. सिनेमा संपला की तीच पुन्हा आणून ठेवते. मला ते बघवत नाही. तुझी खुर्ची रिकामी राहते, आणि आई वर्षागणिक लहान होत चालली आहे, रे. तिच्या उरलेल्या रविवारांत तू नसलास तर मी काय करू, हीच एक काळजी मला लागून राहिली होती.

तुला आपली भिंत आठवते का? आपल्या जुन्या खोलीची, शेजारच्या टायपिस्टबाईंच्या घराला लागून असलेली? आपल्याकडे टीव्ही नव्हता, त्यांच्याकडे होता, आणि सुट्टीच्या दुपारी त्यांच्याकडे सिनेमा लागायचा. बोलावलं नसताना जायचं नाही, ही बाबांची शिस्त. मग तू खाटेवर चढायचास, स्टीलचा पेला भिंतीला लावायचास, त्याच्या बुडाला कान चिकटवायचास आणि डोळे मिटून घ्यायचास. मी पाय पोटाशी घेऊन तुझ्यासमोर बसायचे. भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या भिंतीला तुझा होता. "आता ती रडते आहे. आता मोटार थांबली. आता तो म्हणतोय, मी परत येईन." तू ऐकायचास आणि मी बघायचे. त्या बाईला साडी कुठल्या रंगाची, जिना कुठे वळतो, त्या माणसाला मिशी आहे की नाही, हे सगळं मी ठरवायचे, आणि तू डोळे न उघडता मान हलवायचास. एकदा मी नायकाला टक्कल ठेवलं म्हणून तू पेला खाली टाकून भांडला होतास. मोठेपणी त्यातले काही सिनेमे मी खरोखर पाहिले. एकही आपल्याइतका चांगला नव्हता.

हसण्याची गंमत आठवते? आधी पलीकडे टायपिस्टबाई आणि त्यांचे भाऊ हसायचे. मग तू हसायचास. मग तू मला सांगायचास आणि मग मी. आपलं हसणं नेहमी शेवटी पोचायचं. पण आपण दोघं बरोबर असायचो, म्हणून त्याचं काही वाटायचं नाही. तुझ्या त्या कानांचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! बाबांच्या सायकलची चेन तुला चौकातून ऐकू यायची, आणि तू "आले" म्हणालास की मी पुस्तक उघडून बसायचे. माझं अर्धं शिक्षण तुझ्या कानांवर झालं आहे.

पुन्हा कपाटाकडे येते. एचडीएमआयनेच जोडायचं म्हणून वायर आणली, तर तिचं डोकं चपटं आणि रुंद, आणि तू कपाटाच्या मागच्या फळीला पाडलेलं भोक अंगठ्याएवढं गोल. त्या वेळच्या तीन रंगांच्या वायरी त्यातून सुईत दोरा जावा तशा जायच्या. ही काही केल्या जाईना. सामान पोचवायला आलेला माणूस म्हणाला, "एक मिनिटाचं काम आहे काकू, भोक मोठं करून देतो." त्याने ड्रिल बाहेरसुद्धा काढलं. मी कपाटासमोर आडवी उभी राहिले. म्हटलं, या कपाटाला हत्यार लावायचं तर माझ्या भावाने. त्याने भावोजींकडे बघितलं, भावोजींनी छताकडे. सगळी लग्नं अशीच टिकतात.

मग वायर नको म्हणून भावोजींनी ब्लूटूथ लावलं. सोफ्यावरून शेळ्या हाकायला त्यांना तेच सोयीचं. लगेच जुळलं, आवाजही भरदार आला, आई म्हणाली, "सर्दी गेली बरं का." पण मी बघत राहिले आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. बातम्या देणाऱ्या मुलीचे ओठ मिटायचे आणि मग तिचा शेवटचा शब्द यायचा. दार बंद झालेलं दिसायचं, मग धाडकन वाजायचं. अगदी एवढासा फरक, पापणी लवण्याइतका. आईला आणि भावोजींना तो दिसेचना. मला मात्र दुसरं काही दिसेना. माणसं एका जागी आणि त्यांचे आवाज त्यांच्या मागून धापा टाकत येणारे. एक विनोदी सिनेमा लागला होता. टोपीवाला माणूस पाय घसरून पडला, सगळे पडद्यावर हसले, त्यांची तोंडं उघडलेली दिसली, आणि मग, मागून, हसण्याचा आवाज आला.

आणि मला तू दिसलास. आईच्या वाढदिवसाच्या जेवणाला. भावोजींनी त्यांचा तो ठेवणीतला, सगळ्यांना पाठ असलेला किस्सा सांगितला, सगळे हसले, आणि तूही हसलास. पण आमच्या मागून, एवढासाच मागून. आधी तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, मी हसते आहे हे पाहिलंस, आणि मग हसलास. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी मी हसले नाही, पाण्याचा तांब्या उचलत होते, तर तूही हसला नाहीस, आणि भावोजी मनातून खट्टू झाले. त्या दिवशी मला हे सगळं दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. ते मला त्या यंत्राने शिकवलं. टीव्ही तसाच चालू होता आणि मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. भावोजींना वाटलं, सिनेमा फारच विनोदी आहे.

स्वयंपाकघरात जाऊन तरी काय, तिथे दुसरी आठवण उभी होती. त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, मी नळ सोडून ताटं घासत होते आणि तू माझ्या मागे उभा राहून पुसत होतास. मी तुझ्याकडे पाठ करूनच तुला म्हटलं होतं, की मला गाठ लागली आहे, तपासणीला जायचं आहे, घरात अजून कुणाला सांगितलं नाही, मला भीती वाटते, तू येशील का माझ्याबरोबर? मी वळून बघितलं तर तू हसून मान हलवलीस, ताट पुसून मांडणीत ठेवलंस आणि बाहेर आईजवळ जाऊन बसलास. तू आला नाहीस. मी एकटीच गेले. गाठ साधी निघाली, काळजी करू नकोस, ते सगळं संपलं. पण तुझा मला फार राग आला होता, ससुल्या. रागापेक्षाही, आतून काहीतरी थंड पडलं होतं. आणि इतके महिने तो थंडपणा मी नीट झाकून ठेवला होता, तो त्या दुपारी एका क्षणात वितळला. नळ चालू होता. माझी पाठ होती. तुला माझे ओठ दिसत नव्हते.

तरी मन मानेना. एवढ्या तेवढ्यावरून माणसाबद्दल काही ठरवू नये. म्हणून मी कारखान्यात आले होते. तुला माहीत नाही. कपाटाचं भोक मोठं करून दे, असं निमित्त घेऊन आले होते. दार उघडं होतं, मशीन बंद होती, कामगार जेवायला गेलेले. तू एकटाच, पाठमोरा, एक लांब फळी हाताने घासत होतास. उन्हाचा एक पट्टा तिरका आत आला होता आणि त्यात भुसा तरंगत होता, इतका सावकाश की खाली पडायचं तो विसरून गेला असावा. मी तुला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग म्हटलं, "ससुल्या." बाहेर बाकावर बसलेला चहावाला वळून बघायला लागला. तू घासत राहिलास. हात फिरवायचास, तळव्याने फळी चाचपायचास, पुन्हा घासायचास. किती सुंदर काम करतोस रे तू! पण जे नाव तुला गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं, ते दारातून ऐकू आलं नाही. माझी सावली फळीपर्यंत पोचत आली होती. मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तू वळला असतास, दचकला असतास, आणि मग "मला ऐकू आलं होतं, लक्ष नव्हतं," असं काहीतरी बोलायची पाळी तुझ्यावर आली असती. ती मला आणायची नव्हती. मी मागे सरले आणि बसस्टॉपवर जाऊन बसले. दोन बस सोडल्या. तिथे मी रडले, हे लपवत नाही.

इतकी वर्षं त्या रंध्याच्या मशीनशेजारी कानात कापसाचा बोळा घालून उभा राहिलास. कापसाने काय होतं? आणि तू कुणाला सांगणार नाहीस, हेही मला कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपल्या बाबांचा धडा तू जरा जास्तच मनावर घेतलास. तुझ्या बायकोला माहीत असणारच, पण तू तिला गप्प बसवलं असशील. चारचौघांत बसायचं, कुणाचं तोंड केव्हा उघडतं यावर डोळा ठेवायचा, हसायची वेळ चुकू नये म्हणून जपायचं, यात माणूस किती दमत असेल! आई बरोबर म्हणत होती, तो दमतो. तिने कसं ओळखलं, ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी मी त्या दुकानात गेले. बाईला म्हटलं, परवा मी चुकीचं सांगितलं, आम्ही चार जण आहोत आणि चौथ्याला कमी ऐकू येतं. माझ्याच तोंडून ते पहिल्यांदा निघालं, आणि जगाचं काही बिघडलं नाही. तिने डोक्यावरचा चष्मा शोधून काढला आणि कामाला लागली. मी म्हटलं, त्याला हेडफोन दिला आणि त्या साध्या भोकात घातला तर? ती म्हणाली, "तुमच्या टीव्हीत ते घातलं की बाकी सगळा आवाज बंद होतो. त्यांना ऐकू येईल, तुम्हाला नाही." म्हणजे एकाने ऐकायचं तर बाकीच्यांनी बहिरं व्हायचं. ते नको. ब्लूटूथचा हेडफोन? तर पुन्हा तेच, ओठांच्या मागून आवाज. मी म्हटलं, बाई, मला बाकी काही नको, चौघांना एकाच वेळी हसू आलं पाहिजे. त्यावर ती म्हणाली, तुमच्या टीव्हीत एचडीएमआय आणि ऑप्टिकल दोन्ही एकदम चालतात. साउंडबार एचडीएमआयवर ठेवा, आणि ऑप्टिकल त्यांच्यासाठी मोकळं सोडा.

ऑप्टिकलची वायर बघितली आहेस का तू? बोटभर जाडीचीही नाही, आणि आत तांबं नाही, काही नाही. एक टोक टीव्हीला लावलं आणि दुसरं टोक मी हातात धरलं, तर त्या टोकाशी लाल ठिपका पेटलेला. मी पडदे ओढून घेतले आणि तो ठिपका तळहातावर पाडला. माझ्या हातावर कुणीतरी गात होतं, भांडत होतं, हवामान सांगत होतं, आणि मला फक्त एक लाल टिंब दिसत होतं. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. मला सारखं वाटत होतं की आवाज असाही असतो, कानाला न ऐकू येणारा, तरी पूर्ण, आणि पलीकडे तो पुन्हा उलगडणारं कुणीतरी असलं की झालं. आई आत आली आणि म्हणाली, "भाजलं का गं?" मी म्हटलं, नाही, ऐकते आहे. ती शेजारी बसली आणि तिनेही आपला हात पुढे केला.

त्या वायरीच्या टोकाला आता एक छोटी डबी आहे, आणि डबीचा एक हेडफोन, वायर नसलेला आणि तरीही मागे न पडणारा. आधी लावला तर त्यातून चकार शब्द येईना. भावोजींनी माहितीपुस्तक वरून खाली आणि खालून वर वाचलं. शेवटी दुकानातल्या बाईला फोन केला, तर ती म्हणाली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पीसीएम करा. टीव्ही मोठ्या थिएटरसाठीचा आवाज पाठवत होता, डबीला साधा सरळच कळतो. केलं, आणि माझ्या दोन्ही कानांत कुणीतरी इतक्या जवळून बोललं की मी मागे वळून बघितलं. मग आम्ही परीक्षा घेतली. तोच टोपीवाल्याचा सिनेमा लावला. मी हेडफोन घालून तुझ्या खुर्चीत बसले, आई आणि भावोजी सोफ्यावर साउंडबारचं ऐकत. टोपीवाला घसरला. आम्ही तिघंही एकदम हसलो, ससुल्या. कुणीच मागे नव्हतं. आणि त्या हेडफोनला स्वतःचं बटण आहे. आईने रिमोटने खोलीतला आवाज कमी केला, वाढवला, पार बंद केला, तरी कानातला तसाच राहिला. तो कितपत मोठा आहे हे खोलीत कुणालाही कळत नाही. ते फक्त बसणाऱ्याच्या हातात आहे.

ऑप्टिकलची वायर तुझ्या भोकातून अलगद गेली. त्या तीन रंगांच्या वायरींसाठी तू पाडलेल्या भोकाने आपल्या धन्यासाठी वाट राखून ठेवली होती, असं मला वाटलं. एचडीएमआय मात्र अजून कपाटाच्या पुढून लोंबते आहे आणि भावोजींचा पाय दिवसातून एकदा तरी तिच्यात अडकतो. आम्ही कुणालाही भोक मोठं करू दिलेलं नाही.

आता पत्र का, ते सांगते. फोनवर हे सगळं सांगितलं असतं तर तू "हो, हो, बघू" म्हणाला असतास आणि मी फोन ठेवून पुन्हा रागावले असते. समोर येऊन सांगितलं असतं तर तुला माझ्या ओठांकडे बघत बसावं लागलं असतं, आणि माझे ओठ थरथरले असते. कागदावरचं सगळं तुला नीट ऐकू येतं. म्हणून लिहिलं. यातलं मी कुणाला सांगितलेलं नाही. हेडफोन कुणासाठी, असं भावोजींनी विचारलं तेव्हा आईच म्हणाली, "असू दे, लागतो घरात." कानाच्या डॉक्टरांकडे तुला जावं लागेल, पण एकट्याने जायचं नाही. मी येईन. मी तुला विचारलं होतं तेव्हा तुला ऐकू आलं नव्हतं, तू मला विचारलं नाहीस तरी मला ऐकू आलं आहे. या रविवारी ड्रिल घेऊन ये. घरच्यांना तू भोक मोठं करायला आलास एवढंच माहीत असेल. ते झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बस, वर्तमानपत्रं आईने उचललेली असतील. हेडफोन खुर्चीच्या हातावर ठेवला आहे, तो घाल, बटण हवं तेवढं फिरव. आणि ससुल्या, हसायची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघू नकोस. सिनेमा बघ.

वाट बघणारी
तुझीच,
ताई